धुळीचं वजन पुरेसं नाही: नाशिकच्या गोठ्यांमधली जनावरांची अ‍ॅलर्जनं कशी मोजावीत

निफाड-सिन्नरकडे थंडी उतरली की गोठ्यांना ताडपत्र्या आणि गोणपाटाचे पडदे लागतात. जनावरांना ऊब मिळते, पण आतली हवा आतच फिरत राहते. पहाटे धारा काढणाऱ्या माणसाच्या शिंका, खोकला आणि छातीतली घरघर याच दिवसांत वाढलेली दिसते. घरचे म्हणतात, थंडीचं आहे, जाईल. कधी कधी ते खरंही असतं. पण गाईच्या कातडीचा कोंडा, केस, लाळ आणि मूत्र यांतून हवेत मिसळणारी प्रथिनं, म्हणजे अ‍ॅलर्जी उठवणारी अ‍ॅलर्जनं, हेही दम्याचं सिद्ध झालेलं कारण आहे. फिनलंडमध्ये हिवाळाभर जनावरं बंद गोठ्यात असतात आणि तिथे गाईचा कोंडा हे कामातून होणाऱ्या दम्याचं एक प्रमुख कारण म्हणून वर्षानुवर्षं नोंदलं गेलं आहे.

आपल्याकडे गोठ्यातलं दूध मोजतात, फॅट मोजतात, एसएनएफ मोजतात. तिथली हवा मोजायला सहसा कुणी येत नाही. ती मोजता येते, आणि नीट मोजली तर नेमकं कोणतं काम त्रास देतंय हे सांगता येतं. हा लेख कृषी, पशुवैद्यक आणि जैवतंत्रज्ञानाचे विद्यार्थी, दूध संस्थांचे कार्यकर्ते आणि गावात दवाखाना चालवणारे डॉक्टर यांच्यासाठी आहे.

पंप विकत घेण्याआधी प्रश्न ठरवा

"गोठ्यात अ‍ॅलर्जन किती आहे?" या प्रश्नाला उपयोगी उत्तर मिळत नाही. गाईच्या हवेतल्या अ‍ॅलर्जनसाठी कायद्याने ठरवलेली मर्यादाच नाही, त्यामुळे आलेला आकडा कशाशी ताडून पाहणार? प्रश्न तुलनेचा हवा. खरारा करताना जास्त उडतं की कडबाकुट्टी चालवताना? पडदे खाली असताना आणि वर गुंडाळल्यावर किती फरक पडतो? मुक्त गोठ्यात आणि दावणीच्या गोठ्यात? धार काढणाऱ्या बाईच्या नाकाशी किती येतं आणि गोठ्याच्या मधल्या खांबाशी किती?

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खांबाला लावलेलं यंत्र गोठ्याची हवा सांगतं, माणसाच्या श्वासातली नाही. उकिडवं बसून, कपाळ गाईच्या कुशीला टेकवून धार काढणारा माणूस कोंड्याच्या उगमाशीच श्वास घेत असतो. निदान अर्धे नमुने माणसाच्या अंगावर घेतले पाहिजेत, हा माझा आग्रह आहे.

नेमकं पकडायचं काय

गाईचं हवेतलं मुख्य अ‍ॅलर्जन म्हणजे बॉस डी २. हे लिपोकॅलिन कुळातलं, साधारण २० किलोडाल्टनचं लहान प्रथिन आहे. ते कातडीत तयार होतं आणि कोंड्याबरोबर सुटतं. घोड्याचं इक्यू सी १, उंदराचं मस एम १ आणि मोठ्या तपकिरी उंदराचं रॅट एन १ ही त्याच कुळातली भावंडं. हे सांगायचं कारण असं की वैरणीच्या खोलीत उंदीर असतातच. गाईची अ‍ॅलर्जी म्हणून आलेला रुग्ण प्रत्यक्षात उंदराच्या मुतामुळे किंवा कडब्यातल्या साठवणीच्या किड्यांमुळे शिंकत असू शकतो. हे किडे डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. लेपिडोग्लायफस आणि टायरोफॅगस ही त्यांतली नेहमीची नावं.

बुरशी आलेल्या ओल्या पेंढ्यातून होणारा "फार्मर्स लंग" हा आजार तर पूर्ण वेगळा. काम केल्यावर काही तासांनी ताप, थंडी आणि धाप लागत असेल, तर आधी त्याचा विचार व्हावा आणि माणूस डॉक्टरकडे जावा. मोजमाप नंतर.

या सगळ्याचा अर्थ एवढाच की धुळीचं वजन म्हणजे अ‍ॅलर्जन नव्हे. डब्याच्या वजनावरून आत हिंग किती आहे हे कळत नाही, तसंच हे. उन्हाळ्यात वाऱ्याने बाहेरची माती आत येते, धूळ दुप्पट दिसते आणि तिच्यात गाईचा वाटा मात्र घटलेला असतो. म्हणून एकाच फिल्टरवर दोन्ही मोजायचं: आधी वजन, मग प्रथिन.

साहित्य

अंगावर लावायचा छोटा बॅटरीचा पंप, नमुना घेणारं डोकं म्हणजे सॅम्पलर, फिल्टर आणि प्रवाह तपासायचं साधन, एवढं मूळ सामान. बॅटरीवर चालत असल्याने पहाटेच्या भारनियमनाची चिंता नाही.

सॅम्पलर "इनहेलेबल" धुळीचा घ्या, म्हणजे नाका-तोंडातून आत जाऊ शकणारे सुमारे १०० मायक्रॉनपर्यंतचे कण पकडणारा. कोंड्याचे बरेचसे कण मोठे असतात. पीएम २.५चं, म्हणजे फक्त २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण मोजणारं यंत्र ते सोडूनच देतं. एडिनबरोच्या इन्स्टिट्यूट ऑफ ऑक्युपेशनल मेडिसिनने तयार केलेला आयओएम सॅम्पलर यासाठी सर्रास वापरतात. तो मिनिटाला २ लिटर हवेवर चालतो आणि त्यात २५ मिलिमीटरचा फिल्टर बसतो. आतली छोटी कॅसेट फिल्टरसकट वजन करायची असते, कारण भिंतीला चिकटलेली धूळही नमुन्याचाच भाग आहे. कॅसेट स्टीलची मिळाली तर उत्तम. प्लास्टिकची कॅसेट हवेतला ओलावा घेते आणि इगतपुरीच्या पावसाळ्यात वजन हलत राहतं.

फिल्टर पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा घ्या. तो ओलावा कमी धरतो. सेल्युलोजचे फिल्टर स्वस्त असतात, पण ते ओलावाही घेतात आणि प्रथिनही धरून ठेवतात, त्यामुळे या कामाला नकोत. एंडोटॉक्सिन, म्हणजे काही जिवाणूंच्या आवरणातला विषारी घटक, तोही मोजायचा असेल तर त्याचा नमुना काचतंतूच्या फिल्टरवर आणि एंडोटॉक्सिनमुक्त नळ्यांमध्ये वेगळा घ्या. एकाच फिल्टरवर सगळं करायच्या मोहात पडू नका.

प्रवाह तपासायला रोटामीटर वापरत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचावर आहे. समुद्रसपाटीच्या हवेवर बेतलेला रोटामीटर इथे काही टक्क्यांनी चुकतो. डिजिटल कॅलिब्रेटरशी तो इथेच एकदा जुळवून घ्या आणि फरक वहीत लिहून ठेवा.

याशिवाय तापमान-आर्द्रतेचा मीटर आणि जमलं तर कार्बन डायऑक्साइडचा मीटर. बाहेरच्या हवेत हा वायू सुमारे ४२० पीपीएम असतो. गोठ्यात जनावरांच्या श्वासाने तो जितका वर चढेल, तितकी हवा कमी खेळते आहे असं समजावं. थोडक्या पैशांत वायुवीजनाचा अंदाज देणारं याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

आदल्या दिवशी

फिल्टर आणि कॅसेट ठरावीक तापमान-आर्द्रतेच्या खोलीत २४ तास ठेवा आणि मग मायक्रोबॅलन्सवर वजन करा. ही तयारी गोठ्यापासून लांब, स्वच्छ जागेत व्हावी. ज्याच्या घरी गाय, कुत्रा किंवा मांजर आहे त्याने धुतलेला एप्रन घालूनच फिल्टर हाताळावेत. कपड्यांवरून आलेला कणभर कोंडाही या चाचणीत दिसतो.

प्रत्येक फेरीत दोन-तीन कोरे फिल्टर बरोबर न्या. ते गोठ्यात उघडायचे, लगेच बंद करायचे, पंप लावायचा नाही, आणि बाकी सगळं इतर फिल्टरसारखंच करायचं. कोरे नमुने नसतील तर बाकीच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवणार नाही. कुणीच ठेवू नये.

गोठ्यात प्रत्यक्ष

माणसाची परवानगी आदल्या दिवशीच घ्या. पंप आवाज करतो, कमरेला ओझं होतं आणि कामाच्या घाईत ते नको वाटू शकतं, हे आधीच मोकळेपणाने सांगा.

पंप कमरेच्या पट्ट्याला आणि सॅम्पलर गळपट्टीच्या हाडाजवळ, नाकापासून ३० सेंटिमीटरच्या आत लावायचा. नळी पाठीवरून घ्या, म्हणजे दावणीत अडकणार नाही. आपल्याकडे इथे एक खास अडचण येते: पदर, ओढणी, उपरणं. पहाटेच्या गारठ्यात बाई डोक्यावरून पदर घट्ट घेते आणि सॅम्पलरचं तोंड त्याखाली जातं. मग आकडा येतो तो पदराने गाळलेल्या हवेचा. सॅम्पलर पदराच्या वरून, पिनेने पक्का लावा आणि अधूनमधून पाहा. साडीवर पट्टा नीट बसत नाही, तेव्हा पंपासाठी खांद्यावरची छोटी पिशवी बरी.

धार काढताना माणूस गाईच्या ज्या बाजूला टेकतो, त्याच्या विरुद्ध खांद्यावर सॅम्पलर लावा. तरीही तो अंगाला घासला तर वेळ लिहून ठेवा. थेट चिकटलेला केसांचा पुंजका आणि हवेतून आलेला कोंडा या वेगळ्या गोष्टी आहेत.

सुरू करताना फिल्टर जोडलेल्या स्थितीतच प्रवाह मोजा आणि संपल्यावर पुन्हा मोजा. दोन्हींत ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर तो नमुना बाद. कुट्टीच्या धुळीने फिल्टर तुंबला की हे हमखास होतं. अशा वेळी कामाच्या मध्येच फिल्टर बदलावा.

माणसावरच्या नमुन्याबरोबर आणखी दोन नमुने घ्या. एक गोठ्याच्या मध्यभागी दीड मीटर उंचीवर, दुसरा बाहेर, वारा ज्या दिशेने येतो तिकडे. बाहेरचा नसेल तर शेजारच्या चाळीत कांदा निवडताना उडालेली धूळ तुमच्या गाईच्या नावावर जमा होईल.

आता वेळेचा प्रश्न. पूर्ण पाळीचा नमुना म्हणजे झाडलोट, वैरण, धार, खरारा सगळं मिळून तीन-चार तास. फक्त खराऱ्याचा नमुना वीस मिनिटांचा. दोन्ही उपयोगी आहेत, पण वीस मिनिटांत मिनिटाला २ लिटरने जेमतेम ४० लिटर हवा येते आणि एवढ्यात प्रथिन सापडेलच असं नाही. याचा हिशेब पुढे दिला आहे. उपाय असा की त्याच फिल्टरवर तेच काम सलग काही दिवस गोळा करायचं, मधल्या वेळेत तोंड बंद करून फिल्टर थंड ठेवायचा. किंवा जास्त प्रवाहावर चालणारा सॅम्पलर घ्यायचा.

वहीत काय लिहायचं

मोजमापाचा निम्मा जीव वहीत असतो. वेळेनुसार काम लिहा: ५.१० झाडायला सुरुवात, ५.२५ पेंड कालवली, ५.४० पहिली गाय. जनावरं किती, वासरं किती, पडदे कुठवर, पंखा चालू की बंद, कुट्टी कोरडी की पाणी शिंपडलेली, दार कोणत्या दिशेला.

जात जरूर लिहा. त्र्यंबक, इगतपुरी, सुरगाण्याच्या डांगी जनावरांच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळेच ती घाटातला मुसळधार पाऊस सोसतात. निफाड-सिन्नरच्या होल्स्टीन संकरित गाईची कातडी तशी नाही. बॉस डी २ कातडीतच तयार होत असल्याने दोन्हींचे आकडे एका रकान्यात मिसळू नयेत.

जनावर शेवटचं कधी धुतलं तेही लिहा. पोळ्याला बैल घासूनपुसून धुतले जातात, त्या आठवड्यातला नमुना नेहमीचा म्हणून धरू नका.

ऋतू तर लिहायलाच हवा. पावसाळ्यात घाटाकडचे गोठे बंद असतात पण सगळं ओलं असतं. थंडीत गोठे बंदही असतात आणि कोरडेही. माझ्या मते पहिली फेरी डिसेंबर-जानेवारीत घ्यावी, कारण सर्वांत वाईट स्थिती तेव्हाच समजते. दुसरी मे महिन्यात.

नमुना प्रयोगशाळेपर्यंत

कॅसेट झाकण लावून, फिल्टर वरच्या बाजूला राहील अशी, आडव्या डब्यात ठेवा. डबा हातातल्या पिशवीत न्या, मोटारसायकलच्या कॅरियरला बांधू नका. सुरगाण्याहून येताना घाटाच्या धक्क्यांनी धूळ झडते. डबा उन्हात नको. त्याच दिवशी वजनाच्या खोलीत ठेवा आणि वजन झाल्यावर लगेच प्रथिन काढायचं नसेल तर कोरडा फिल्टर उणे २० अंशांवर.

प्रथिन काढणं आणि एलायझा

एलायझा म्हणजे हवं ते प्रथिन ओळखणारी अँटिबॉडी वापरून ते किती आहे हे मोजणारी चाचणी. तिचा रीडर जिल्ह्यातल्या अनेक पॅथॉलॉजी लॅबमध्ये आणि महाविद्यालयांत असतो, त्यामुळे यंत्राची अडचण मोठी नाही. अडचण अँटिबॉडीची आहे. ज्या प्राण्याचं मोजायचं त्याचं किट मिळतंय का, किती दिवसांत येतंय आणि त्याची मुदत किती, हे पाहूनच नमुन्यांच्या तारखा ठरवा.

फिल्टर नळीत घालून त्यावर फॉस्फेट बफर घाला, त्यात ०.०५ टक्के ट्वीन-२०. ट्वीनमुळे पाणी न धरणारा पीटीएफई भिजतो आणि प्रथिन नळीला चिकटत नाही. त्याच बफरने कॅसेटची आतली बाजूही धुऊन घ्या. तास-दोन तास हलवत ठेवा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरचं स्वच्छ द्रावण लहान-लहान भागांत गोठवा. एकच नळी वारंवार वितळवून गोठवली तर प्रथिन खराब होतं.

बफरमध्ये प्रथिन चिकटू नये म्हणून बीएसए घालायची अनेकांना सवय असते. बीएसए म्हणजे गाईच्याच रक्तातलं अल्ब्युमिन, आणि ते स्वतः बॉस डी ६ नावाचं अ‍ॅलर्जन आहे. गाईच्या कोंड्यातली सगळी प्रथिनं एकत्र ओळखणारी अँटिबॉडी वापरत असाल तर तुमचा बफरच "गाय" म्हणून दिसेल. केसिनही दुधातलंच, म्हणून तेही टाळा. फक्त बॉस डी २ ओळखणारी अँटिबॉडी असेल तर धोका कमी, तरी नुसता बफर प्रत्येक प्लेटवर तपासावाच.

प्रत्येक नमुना निदान दोन-तीन पातळ्यांवर पातळ करून लावा. पातळीप्रमाणे आकडा सरळ उतरत नसेल तर धुळीतलं दुसरं काहीतरी चाचणीत अडथळा आणतंय.

हिशेब

पुढचे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. सुरुवातीचा प्रवाह २.०४, शेवटचा १.९६, सरासरी २ लिटर प्रति मिनिट. वेळ २१० मिनिटं. हवा झाली ४२० लिटर, म्हणजे ०.४२ घनमीटर.

फिल्टरचं वजन ०.६३ मिलिग्रॅमने वाढलं, कोऱ्यांचं सरासरी ०.०३ने. धूळ ०.६० मिलिग्रॅम. भागिले ०.४२, म्हणजे १.४३ मिलिग्रॅम प्रति घनमीटर.

एलायझात दहापट पातळ केलेल्या द्रावणात ४.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आलं. मूळ द्रावणात ४२. द्रावण २ मिलिलिटर, म्हणून फिल्टरवर ८४ नॅनोग्रॅम. भागिले ०.४२, म्हणजे २०० नॅनोग्रॅम प्रति घनमीटर. आणि धुळीच्या दर मिलिग्रॅममागे १४० नॅनोग्रॅम. हा शेवटचा आकडा कधीच गाळू नका. धूळ गाईची आहे की मातीची, हे त्यानेच कळतं.

आता वीस मिनिटांच्या नमुन्याचं पाहा. चाचणीची सर्वांत खालची पकड ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर धरली तर २ मिलिलिटरमध्ये १ नॅनोग्रॅम. ०.०४ घनमीटर हवेला भागलं की २५ नॅनोग्रॅम प्रति घनमीटर. याखालचं काहीच दिसणार नाही. चार तासांच्या नमुन्यात हीच मर्यादा सुमारे २ वर येते. त्यामुळे "सापडलं नाही" असा निकाल लिहिताना ही खालची मर्यादा शेजारी लिहिलीच पाहिजे. शून्य लिहू नये.

असे आकडे एकाच बाजूला लांब पसरतात, एखादा नमुना बाकीच्यांच्या दहापट येतो. साधी सरासरी त्याच्यामागे ओढली जाते. मध्यक किंवा भौमितिक सरासरी द्या, आणि एका कामाचे निदान सहा नमुने असल्याशिवाय निष्कर्षाकडे जाऊ नका.

पंप परवडत नसेल तर

दीड मीटर उंचीवर उघडं तबक किंवा स्थिर विजेने धूळ धरणारं कापड दोन आठवडे ठेवून बसलेल्या धुळीतलं अ‍ॅलर्जन मोजता येतं. बाजारात कोरड्या पोछ्याचं जे कापड मिळतं, तेच. एका गावातले वीस-पंचवीस गोठे एकाच वेळी पाहायचे असतील तर ही पद्धत मला फार आवडते. उत्तर मात्र दर चौरस मीटरला इतकं, असं येतं आणि ते घनमीटरात बदलता येत नाही. कोणत्या कामात उडलं हेही कळत नाही. चिमण्या, उंदीर आणि पाण्याचा फवारा यांपासून जागा सुरक्षित हवी.

स्वस्त लेझर सेन्सर वेळेनुसार चढउतार छान दाखवतात: कुट्टी सुरू झाली की आलेख उभा चढतो. तेवढ्यासाठीच वापरा. ते मोठे कण कमी मोजतात, दमट हवेत पाण्याचे थेंबही धूळ म्हणून मोजतात, आणि गाईचा कोंडा व पिठाची धूळ यांत त्यांना फरक कळत नाही.

घराचंही मोजा. अ‍ॅलर्जन कपड्यांवरून आणि केसांतून घरात येतं. गादीचा एक चौरस मीटर भाग दोन मिनिटं, फिल्टर लावलेल्या व्हॅक्यूमने ओढला की नमुना तयार. गोठ्यात कधीच न जाणारं मूल रात्री का खोकतं, याचं उत्तर कधी कधी तिथे असतं.

पोल्ट्री शेडसाठी थोडं वेगळं

ब्रॉयलर शेडमध्ये पिसं, विष्ठा, खाद्य आणि भाताचं तूस यांची धूळ एकत्र असते, आणि पक्षी मोठे होतात तशी ती वाढते. पहिल्या आठवड्यात आणि विक्रीच्या आधी असे दोन नमुने घ्या. पक्षी पकडून गाडीत भरायची रात्र वेगळी मोजा. कोंबडीच्या अल्ब्युमिनला, म्हणजे गॅल डी ५ला, अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला अंड्याच्या पिवळ्या बलकाचाही त्रास होऊ शकतो, म्हणून खाण्याबद्दल विचारावं. इथे एंडोटॉक्सिनचा नमुना टाळू नका. त्यासाठी तुलनेला आकडाही आहे: नेदरलँड्सच्या आरोग्य परिषदेने २०१० मध्ये आठ तासांच्या सरासरीला ९० एंडोटॉक्सिन युनिट प्रति घनमीटर ही मर्यादा सुचवली होती.

निकाल कुणाला, कसा

निकाल आधी त्या शेतकऱ्याला द्या, मराठीत, एका कागदावर: कोणत्या कामात सर्वांत जास्त, गोठ्यात आणि बाहेर किती फरक, पडदे उघडल्यावर किती उतरलं. मग एकच बदल सुचवा आणि पुन्हा मोजा. कुट्टीवर पाणी शिंपडणं, खरारा अंगणात करणं, दुपारी पडदे गुंडाळणं, गोठ्याचे कपडे घराबाहेर बदलणं. सगळे बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

हवेतला आकडा म्हणजे निदान नव्हे. ज्याला त्रास आहे त्याला छातीच्या डॉक्टरकडे पाठवा. त्वचेची किंवा रक्तातली आयजीई (अ‍ॅलर्जीची अँटिबॉडी) चाचणी आणि दिवसातून चार वेळा, दोन ते चार आठवडे घेतलेल्या पीक फ्लोच्या, म्हणजे जोरात फुंकलेल्या श्वासाच्या वेगाच्या नोंदी यांतून कामाचा आणि दम्याचा संबंध दिसतो. या नोंदींना कामाबाहेरचे दिवसही लागतात आणि दुधाच्या धंद्यात सुट्टी नसते. म्हणून लग्नाला किंवा माहेरी जायचे दिवस आधीच विचारून घ्या आणि मीटर बरोबर द्या. दम्याचं औषध मात्र मोजमापासाठी स्वतःहून बंद करायला सांगू नका. उरलेलं द्रावण उणे २० अंशांवर नाव, तारीख आणि कामासकट जपून ठेवा. डॉक्टरांनी पुढे साठवणीच्या किड्यांची किंवा उंदराची शंका काढली, तर त्याच नमुन्यातून तेही तपासता येईल.